आधी वायर बघू

फोन बंद पडला की लोक ऑपरेटरला बोलतात, हे मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कळलं. मुंबईची पार्टी लागत नाही, ऑपरेटरची चूक. मॅनेजरच्या बायकोला मॅनेजर सापडत नाही, तीही ऑपरेटरचीच चूक. ज्यांच्या हातात सगळ्या वायरी होत्या त्या देवरे नानांना मात्र कुणी कधी वाकडा शब्द बोलल्याचं मी पाहिलं नाही. चार वर्षं मला या गोष्टीचा राग होता. खरं सांगायचं तर तो अजून पुरता गेलेला नाही. आता तो नानांवर नाही, एवढंच.

नव्वद सालानंतरची ही गोष्ट. सुरतेच्या पांडेसऱ्यात आमची कापड रंगवायची मिल होती. शेठ गुजराती, मॅनेजर मारवाडी आणि खात्यांमध्ये बहुतेक माणसं आपली, खानदेशातली. माझे वडील यवतमाळकडचे, लूमवर आलेले. मी जन्मले, शिकले सुरतेतच. मराठी, गुजराती, हिंदी तिन्ही भाषा येतात म्हणून मला टेलिफोनच्या टेबलावर बसवलं. त्या टेबलामागच्या भिंतीवर एक राखाडी पेटी होती. बाहेरच्या आठ लाइनी तिच्यात यायच्या आणि आतले चाळीसएक फोन तिच्यातून निघायचे. तिचं खरं नाव लांबलचक इंग्रजी होतं, आम्ही तिला बोर्ड म्हणायचो. बोर्ड नानांचा, बोलणी माझी, अशी आमची वाटणी होती.

नाना मूळचे मिलचे इलेक्ट्रिशियन. वय पन्नाशीच्या आसपास, अंग काटकुळं, शर्टाच्या खिशात टेस्टर आणि डाव्या मनगटाला लाल-पांढऱ्या वायरीचं वेटोळं. ती वायर कामाला लागली की तेवढी तोडायची आणि संपली की नवी गुंडाळायची. ऑफिसात ते खुर्चीवर कधी बसले नाहीत. रंगाचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर बसायचे, कारण खुर्चीवर बसलं की माणूस साहेब होतो आणि साहेबाला कुणी खरी तक्रार सांगत नाही, असं त्यांचं म्हणणं. कुठलाही फोन दुरुस्त झाला की रिसीव्हर कानाला लावून डोळे मिटायचे आणि चांगलं अर्धा मिनिट टोन ऐकायचे. मग रिसीव्हर माझ्यापुढे धरायचे.

"टोन आहे ना, बाई? मग झालं."

मला ते नावाने कधी हाक मारत नसत. मी बावीस वर्षांची होते, तरी 'बाई'.

त्यांची एक रीत होती आणि तिने माझा जीव खाल्ला. कुठलीही तक्रार आली की ते म्हणायचे, "आधी वायर बघू." माणसाची चूक असेल ही शक्यता ते अगदी शेवटी धरायचे, आणि तीही नाइलाजाने. एकदा कोऱ्या कापडाच्या गोडाउनमधला फोन बंद पडला. तिथले महाजन रिसीव्हर नीट ठेवत नाहीत, हे मिलमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. मी नानांना तसं स्पष्ट सांगितलं. नाना म्हणाले, "असेल. आधी वायर बघू." दोन तास त्यांनी बोर्डापासून गोडाउनपर्यंतची वायर हाताने चाचपत नेली. शिडी लावली, पत्र्यावर चढले, दोन पेट्या उघडून बंद केल्या. तोवर शेठचे चार फोन मला येऊन गेले. शेवटी रिसीव्हर सापडला तो कापडाच्या ताक्यांखाली. महाजन तिथेच उभे होते, चेहरा उतरलेला. नाना त्यांना म्हणाले, "जागाच चुकीची आहे फोनची. वर घेतो." आणि खरंच फोन हातभर वर घेऊन ठोकून दिला.

मी चिडून विचारलं, "नाना, मी आधीच सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं, बाई. पण वायर बघितल्याशिवाय माणसाला बोललो असतो आणि मग वायरच खराब निघाली असती तर? वायर परत जोडता येते."

दोन तास माझे गेले होते.

आता तो बोर्ड. आमच्याकडे तो नवाच आला होता. कंपनीचा इंजिनियर अहमदाबादहून आला, दोन दिवस राहिला, कुठल्या खात्याला कुठला नंबर ते ठरवून निघून गेला. ठरवून म्हणजे भांडणं ऐकून. फोल्डिंगवाल्याला डाइंगवाल्याच्या आधीचा नंबर हवा. अकाउंट्सला चार आकडा नको. शेठनी सांगितलं, माझा नंबर पहिला, अकरा. इंजिनियर म्हणाला, पहिला नंबर ऑपरेटरचा असू द्या. शेठनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. शेठला अकरा मिळाला आणि मला बारा.

या एका अकराने पुढे आमची जी दशा केली ती विचारू नका. बोर्डाच्या आत एक बारका सेल होता. वीज गेली की बोर्डाला दिलेल्या सगळ्या सूचना त्या सेलच्या जिवावर टिकायच्या. वर्षभरात तो सेल मेला. मग वीज जाऊन आली की बोर्ड कोराकरकरीत व्हायचा, जसा कारखान्यातून निघाला तसा. कोऱ्या बोर्डाला एकच गोष्ट माहीत होती: बाहेरून आलेला प्रत्येक फोन पहिल्या नंबरावर द्यायचा. म्हणजे शेठच्या टेबलावर. पांडेसऱ्यात वीज जाण्याला काही धरबंध नव्हता. वीज आली की शेठच्या केबिनमध्ये घंटी सुरू व्हायची आणि पाठोपाठ शेठची हाक.

"बेन, आ बधा फोन मारा पर केम आवे छे?"

मी नानांकडे बोट दाखवायची. नाना शांतपणे म्हणायचे, "शेठ, नंबर तमेज मांग्यो हतो." आणि शेठ चक्क हसायचे. 'नंबर तुम्हीच मागितला होता' असं मी बोलले असते तर त्याच दिवशी घरी गेले असते.

सेलसाठी नानांनी मागणी लिहून दिली. खरेदीवाल्याने तीन कोटेशनं मागवली. कंपनीने कळवलं, सेल सुटा मिळत नाही, बोर्डातलं अख्खं कार्ड बदला. कार्डाला शेठ नाही म्हणाले. नानांनी पेन्सिल सेल रबराने बांधून बघितले, ते आठवडाभर चालायचे आणि ऐन वेळी दगा द्यायचे. म्हणजे दर वेळी सगळ्या सूचना नव्याने द्यायच्या. ते काम माझ्या टेबलावरच्या फोनवरून व्हायचं. आधी चांदणीचं बटण, मग गुप्त आकडे, मग खात्याचा नंबर, मग त्याला बाहेर फोन करता येईल की नाही त्याचा आकडा, मग चौकटीचं बटण. एक आकडा चुकला की एंगेज टोन, आणि पुन्हा पहिल्यापासून. चाळीस फोनांचं हे सगळं नानांच्या डोक्यात होतं. खरं तर डोक्यातही नाही. ते डोळे मिटून आकडे दाबायचे आणि मध्ये कुणी 'चहा घेता का' म्हटलं तरी विसरायचे.

"नाना, एकदा लिहून द्या ना मला हे."

"लिहून येत नाही, बाई. बोटांना माहीत आहे, मला नाही."

"मग मला शिकवा."

"बघत राहा."

मी बघत राहायची. त्यांचं बोट इतक्या भरभर चालायचं की मी तिसऱ्या फोनलाच हरवायची. नाना जेवायला गेले, डाइंग खात्यात गेले, जनरेटरकडे गेले की तेवढ्यात वीज जायची, आणि मी कोऱ्या बोर्डापुढे हात जोडून बसायची. घरी जाऊन मी आईपुढे नानांच्या नावाने खडे फोडायची. आई म्हणायची, "काऊन बापा एवढी चिडतेस? म्हातारा माणूस हाय." मला वाटायचं, ही नोकरी एक दिवस या माणसापायी जाणार.

याच कोऱ्या बोर्डामुळे बायकांच्या फोनचं प्रकरण शेठपर्यंत गेलं. खेड्यापाड्यात तेव्हा एसटीडीचे बूथ निघाले होते. मिलचा नंबर प्रत्येक गावात कुणा ना कुणाकडे होता. सकाळी दहा-अकराच्या सुमारास फोन यायचा, पलीकडे एखादी बाई, आवाज दबका.

"आहेत का ते?"

"कोण ते?"

"आमचे ते."

"नाव सांगा ना."

मग गप्प. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हा नियम मिलच्या फोनसाठी मोडायला एकही बाई तयार नव्हती. माझ्या आईनेही बाबांचं नाव कधी घेतलं नाही, तेव्हा मला हे नवीन नव्हतं. पण घरात न घेणं वेगळं आणि सातशे माणसांच्या मिलमध्ये 'त्यांना बोलवा' म्हणणं वेगळं. मला वैताग यायचा. एकदा अशीच एक घासाघीस चालली होती, तेव्हा नानांनी डब्यावरून उठून माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. त्यांचा आवाजच बदलला, अगदी घरचा झाला.

"कोनता गावनी शे वं माय तू? बरं. पोर्‍यानं नाव काय शे? गणेश? थांब, बलावस त्याले."

आणि त्रेचाळीस नंबर फिरवला, डाइंग खातं. "गण्याच्या बापाला पाठव रे, जेट मशीनवरच्या. घरून फोन आहे." वीस सेकंदांत काम.

नाव घेता येत नसलं तरी पोराचं नाव घेता येतं, एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. नानांनी मग एक लांबट वही केली. पान गावाचं. त्याखाली थोरल्या पोराचं किंवा पोरीचं नाव, पुढे बापाचं नाव, खातं आणि पाळी. जेवणाच्या सुट्टीत ते खात्याखात्यात फिरून माणसांना विचारायचे, "तुझं थोरलं कोण?" ज्याला नवीन मूल झालं तो पेढा घेऊन आधी नानांकडे यायचा, वहीत घालायला. बोर्डाच्या सूचना लिहून येत नाहीत म्हणणाऱ्या माणसाचं अक्षर त्या वहीत मोत्यासारखं होतं. याचाही मला राग आला, हे कबूल करते. माझ्यासाठी दोन पानं लिहून होत नव्हती आणि सगळ्या खानदेशाची पोरं लिहून होत होती.

पण मग वीज गेली, बोर्ड कोरा झाला आणि एका बाईने शेठला सांगितलं, "त्यांना द्या." पाठोपाठ दुसरीने. त्या दिवशी केबिनमध्ये शेठचा मुलगा मितेशभाई बसला होता, आणि हसणं हे त्याचं खातं नव्हतं. त्याने बाहेर येऊन माझ्या टेबलावर नियम ठेवला: कामगारांचे फोन जोडायचे नाहीत, फक्त निरोप लिहून घ्यायचा. निरोपाच्या रजिस्टरात नाव आणि खातं पाहिजे. नाव नाही, तर निरोप नाही. पुन्हा असा फोन केबिनमध्ये आला तर ऑपरेटर बदलायची.

घरात बाबांचा लूम सुटला होता आणि माझ्या पगारावर चूल होती. मी तो नियम चिठ्ठीवर लिहून फोनला चिकटवला. नानांनी चिठ्ठी वाचली. मग वही माझ्या टेबलाच्या कडेला दोरीने बांधून दिली, म्हणजे मला उठावं लागू नये. वर्षभर ते ठीक चाललं. गाव विचारायचं, पोर विचारायचं, वहीतून नाव काढायचं आणि रजिस्टरात लिहायचं. मी त्यात इतकी तरबेज झाले की मला वाटायला लागलं, ही सगळी हुशारी माझीच.

तो मंगळवार होता. उन्हाळ्याचे दिवस. सकाळपासून तीनदा वीज गेली. नाना दोनदा येऊन सगळे नंबर भरून गेले आणि तिसऱ्यांदा जनरेटरकडे अडकले. मितेशभाई तोवर दोनदा केबिनच्या दारात येऊन माझ्याकडे बघून गेला होता. मी घंटी वाजली की केबिनमधला फोन इकडून उचलून घ्यायची, एवढीच एक युक्ती मला येत होती. अकराच्या सुमारास एक लांबचा फोन उचलला.

"ते आहेत का?" बाईचा आवाज, वयस्क, घाबरलेला.

"गाव कोणतं?"

"धामणदरे."

वहीत धामणदऱ्याचं पानच नव्हतं. "थोरल्या पोराचं नाव सांगा."

दुसरी लाइन वाजायला लागली.

"बाई, पोराचं नाव? पोरीचं?"

"पोरबाळ नाही," ती म्हणाली. मग घाईघाईने, "त्यांना सांगा, आईला लई जास्त आहे. आजच निघा म्हणा."

"पण कोणाला सांगू मी? नाव सांगा."

गप्प. दुसरी लाइन वाजत होती, तिसरी वाजायला लागली आणि केबिनचं दार उघडल्याचा आवाज आला.

"आधी नाव आठवा, मग फोन करा," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिते आहे, कारण ते पुढे मला दुसऱ्याच्या तोंडून परत ऐकायचं होतं.

दहा मिनिटांनी नाना आले, डब्यावर बसले आणि डोळे मिटून बोर्ड भरू लागले. सगळे चाळीस फोन. झाल्यावर टोन ऐकला, माझ्यापुढे धरला. "टोन आहे ना?" मी मान हलवली. मी त्यांना त्या फोनबद्दल बोललेही नाही. असे वैतागाचे फोन दिवसाला चार यायचे.

बुधवारी सकाळी मिलच्या गेटवर एक माणूस आला, रात्रभर एसटीने आलेला. नानांचा मेहुणा. नाना त्याच्याशी दोन मिनिटं बोलले, मनगटाची वायर सोडून माझ्या टेबलावर ठेवली आणि तसेच गेले. वॉचमनने सांगितलं, नानांची आई गेली. काल संध्याकाळी. मुलाचं नाव घेत होती म्हणे शेवटपर्यंत.

मी वॉचमनला विचारलं, "नानांचं गाव कोणतं?"

"धामणदरे. साक्रीकडे."

चार वर्षं मी त्या माणसाच्या शेजारी बसत होते. त्याच्यावर चिडत होते, त्याच्या नावाने घरी खडे फोडत होते. त्याचं गाव कोणतं हे मी कधी विचारलं नव्हतं. त्याला मूल नाही हेही मला माहीत नव्हतं. सगळ्या मिलची पोरं त्याने वहीत लिहिली, पण स्वतःचं पान केलं नव्हतं, कारण लिहायला पोरच नव्हतं आणि तो तर फोनच्या शेजारीच बसलेला. मंगळवारी अकराला मी त्याला जनरेटरवरून बोलावलं असतं तर बाराची एसटी मिळाली असती. दिवस मावळायच्या आत तो आईजवळ असता. मी खूप हिशेब करून पाहिला, तो दर वेळी तेवढाच यायचा.

नाना पंधरा दिवसांनी आले. डोकं भादरलेलं, त्यावर पांढरे खुंट. मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते. त्यांनी डबा ओढला, पण बसले नाहीत.

"बाई, त्या मंगळवारी, अकराच्या सुमारास, लाइन कशी होती?"

चौदा रात्री मी उत्तर तयार केलं होतं, खरं. तोंडातून दुसरंच आलं.

"लाइनच नव्हती, नाना. वीज गेली होती ना. बोर्ड कोरा होता. काही लागतच नव्हतं."

त्यांनी डबा परत भिंतीशी सरकवला. मग म्हणाले, "आधी वायर बघू."

आणि बघायला लागले. गेटबाहेरच्या खांबापासून सुरुवात केली. शिडी लावायची, वर जायचं, एकेक जोड उघडायचा, पुसायचा, परत पिळायचा, टेस्टिंगचा फोन लावून टोन ऐकायचा. आठ लाइनी, मग आतली पेटी, मग माझ्या टेबलापर्यंतची प्रत्येक तार. दुपारच्या उन्हात पत्र्यावर ते उघड्या डोक्याने बसलेले मला खिडकीतून दिसायचे. खाली कुणी विचारलं, "नाना, काय शोधताय?" तर म्हणायचे, "आहे एक फॉल्ट." पहिल्या दिवशी मला वाटलं, सुटले. दुसऱ्या दिवशी जेवणाचा डबा तसाच घरी नेला. तिसऱ्या दिवशी मी शिडीखाली जाऊन उभी राहिले आणि "नाना, राहू द्या आता" म्हणाले. ते वरून म्हणाले, "दोन लाइनी राहिल्यात." मी परत आले. सांगायचं होतं ते सांगितलं नाही. नोकरीची भीती तेव्हा नव्हती. नानांनी माझ्याकडे कसं बघितलं असतं त्याची होती.

चौथ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी बोर्ड उघडला. धुळ्याहून घड्याळवाल्याकडून आणलेला सेल त्यांनी पितळी पट्टीत बसवला. वर्षाच्या वर तीन कोटेशनांत अडकलेलं काम पाच मिनिटांत झालं. मग माझ्याकडून फुलस्केप कागद मागून घेतले आणि डोळे मिटून, एकेक आकडा दाबत, दुसऱ्या हाताने लिहीत सगळे चाळीस फोन उतरवले. कागद माझ्यापुढे ठेवले.

"तुम्ही म्हणत होता ना. घ्या."

दुसऱ्या दिवशी कळलं, नानांनी हिशेब मागितला आहे. घरी बायको एकटी, आता म्हातारीही नाही. ते लगेच, त्याच सकाळी गावी निघणार होते.

तेवढ्यात रोहिदास निरोपाचं रजिस्टर बघायला आला. जेट मशीनवर होता, तोच गणेशचा बाप. तो मयतीला धामणदऱ्याला जाऊन आला होता. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "ताई, एक सांगू का? वहिनीने फोन लावला होता. एक बाई बोलली म्हणे. म्हणाली, आधी नाव आठवा, मग फोन करा."

मी विचारलं, "नानांना माहीत आहे?"

"नानासमोरच सांगितलं ना तिनं. पहिल्याच दिवशी."

म्हणजे नाना आले तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं. लाइन चालू होती हे माहीत होतं, कोण बोललं हे माहीत होतं. ते माझ्यापुढे उभे राहिले, मी खोटं बोलले ते ऐकलं, आणि मग चार दिवस शिडीवर चढले.

मी टेबल सोडलं. आठ लाइनी तशाच सोडून मी गेटकडे पळाले. चार वर्षांत हे मी पहिल्यांदा केलं. नाना रस्त्याच्या कडेला उभे होते, हातात पत्र्याची पेटी आणि छत्री. उधना स्टेशनकडे जाणारी शटल रिक्षा माणसांनी भरत होती.

"नाना, त्या मंगळवारी लाइन चालू होती. फोन मी ठेवला. मीच बोलले तसं."

"माहीत आहे, बाई."

"मग तुम्ही चार दिवस का..."

त्यांनी पेटी खाली ठेवली. मला वाटलं, आता बोलतील, बोलावंच. पण त्यांचा आवाज रोजचाच होता.

"वाटलं होतं, एखादा जोड ढिला निघेल. मग घरी तिला सांगता आलं असतं, स्वतःलाही सांगता आलं असतं. सगळी वायर पाहिली. नाही निघाला."

मी रडायला लागले. ते रडू नका म्हणाले नाहीत आणि माफ केलं असंही म्हणाले नाहीत. रिक्षावाल्याने हॉर्न दिला तेव्हा त्यांनी पेटी उचलली आणि विचारलं, "बोर्डाजवळ कोण आहे आता?"

"कोणी नाही."

"मग जा. फोन वाजत असतील. अकराची वेळ आहे."

ते पाठीमागच्या बाकावर कडेला बसले, छत्री गुडघ्यांमध्ये धरून. मी गेटपाशीच उभी होते. रिक्षा निघाली तेव्हा नाना माझ्याकडे बघत नव्हते. मान वर करून ते खांबापासून ऑफिसच्या खिडकीपर्यंत गेलेली वायर बघत होते, आणि रिक्षा वळेपर्यंत बघत राहिले.